उजवीकडचा दिवा

१

उपसागर तीन वेळा ओतायचा, असं बाईंनी सांगितलं तेव्हा साचेकाका घमेल्यावर हात टेकून हसले.

"एकदाच का नको? घराचा कोबासुद्धा आम्ही एका दमात घालतो."

"चंद्रावर एका दमात नाही भरला, म्हणून," बाई म्हणाल्या. "लाव्हा आला, थांबला, निवला. पुन्हा आला. मधे कितीतरी काळ गेला."

"ऐकलंस?" काका माझ्याकडे वळले. "आता चंद्र सांगणार आणि आपण ओतणार. पगार मात्र पृथ्वीवरचा."

वेधशाळा गावाबाहेरच्या टेकडीवर आहे. वर घुमट, घुमटात मोठी दुर्बीण, आणि त्याच्या बरोब्बर खाली आमची कामाची खोली. तिथे चंद्राचे तुकडे तयार होतात, कुठला डोंगर, कुठला खड्डा. मग ते पुढच्या दालनात मांडतात आणि लोक हात लावून बघतात. ज्यांना दिसत नाही अशी माणसं तर मुद्दाम येतात. त्यामुळे लांबून बरं दिसतंय ना, मग झालं, हे आमच्याकडे चालत नाही. काका साचे काढतात. मी प्लास्टर कालवते, ओतते, वाळलं की पॉलिश पेपरने घासते. बाई वरच्या मजल्यावर फोटो मोजतात आणि खाली येऊन चुका काढतात.

हे काम मोठं होतं. दोन दिवाण शेजारी लावले तर होईल एवढं टेबल, आणि त्यावर एकच उपसागर. उपसागर म्हणायचं, पाण्याचा थेंब नाही. फार पूर्वी तिथे काहीतरी प्रचंड येऊन आदळलं आणि परातीसारखा गोल खड्डा पडला, भोवती डोंगरांची भिंत. पुढे एका बाजूची भिंत खचली आणि शेजारच्या मैदानातला लाव्हा त्या फटीतून आत शिरला. आता अर्धगोल डोंगर उरलेत, दोन टोकांना दोन भूशिरं, आणि मधे सपाट तळ.

"खचली म्हणजे ती भिंत गेली कुठे?" मी विचारलं होतं.

"कुठे गेली नाही. तिथेच आहे, खाली."

म्हणून काकांनी ती खालची भिंतसुद्धा केली. तळाच्या भेगा केल्या, काठच्या बारक्या टेकड्या केल्या. महिनाभर एवढं सगळं करायचं आणि त्यावर प्लास्टर ओतून गाडून टाकायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

"गाडायचंच आहे तर नाकडोळे कशाला काढायचे?"

"खाली जे असतं ते वर उमटतं, काका," बाई म्हणाल्या. "लाव्हा निवताना बसतो, मग त्याला वरून सुरकुत्या पडतात. कुठे पडायच्या ते खालचं ठरवतं."

टेबलाच्या उजव्या कडेला खिळ्याला एक दिवा टांगलेला असे, तळाच्या अगदी पातळीत. त्याला पत्र्याची टोपी, त्यामुळे दिवा दिसत नसे, उजेडाची पट्टी तेवढी टेबलावर सरपटत जाई. उपसागरावर सकाळचं ऊन उजवीकडून येतं, म्हणून दिवा उजवीकडे. बाकीचे दिवे बंद करून तो लावला की केसाएवढा उंचवटासुद्धा सावली टाकायचा. उजळ बाजू उजवीकडे म्हणजे उंचवटा. उजळ बाजू डावीकडे म्हणजे खळगा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मी घरी भाकरीचा फुगासुद्धा तसाच बघायची. दिवा जागचा हलवायचा नाही, हा खोलीतला एकच कडक नियम. उजेड दुसरीकडून आला की डोळा फसतो, खळगा वर आलेला दिसतो.

आणि टेबलाखाली टिंगी झोपायची.

टिंगी माझी मुलगी. तिसरं लागलं होतं तिला. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या, हे सकाळीच गॅरेजात जायचे, मग पोरीला ठेवू कुठे? बाईंनी चालवून घेतलं होतं. दुपारी जेवण झालं की स्पंजच्या तुकड्यावर ती आडवी व्हायची. कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली, डोक्यावरून माझी ओढणी. उजवं पाऊल तिचं जन्मापासून थोडं आत वळलेलं होतं, झोपेत ते जास्तच वळायचं.

मी दर थोड्या वेळाने वाकून तिच्या पाठीवर हात ठेवायची. पाठ वर आली, खाली गेली, की परत कामाला.

"रीडिंग घेतेस काय गं सारखं?" काका म्हणायचे. "विजेचं मीटर आहे का ते?"

"सवय आहे, काका."

"अशाने पोर झोपेत दचकायला लागेल. तू तर जागेपणीच दचकतेस."

२

पहिला ओत सकाळी घातला. काठाचे डोंगर शिंतोड्यांपासून जपायला प्लास्टिकखाली झाकून ठेवले होते, त्यामुळे फक्त तळ उघडा होता. प्लास्टर घट्ट होताना तापतं. तळहात ठेवला की ताप आलेल्या कपाळासारखं लागतं. दुपारपर्यंत ते निवलं. संध्याकाळी निघण्याआधी काकांनी दाराजवळच्या बटणांनी खोलीतले दिवे बंद केले आणि आमचा दिवा लावला.

तळाच्या मधोमध काहीतरी वर आलेलं होतं.

लांबट, गोलसर, एका बाजूला वाकलेलं. उजळ बाजू उजवीकडे.

"हे कुठून आलं?" काका म्हणाले. "खाली तर इथे काही नाही. मी केलेलंच नाही."

त्यांनी पत्र्याची पट्टी घेतली आणि उंचवटा खरवडायला टेकवली. पट्टी लागलीच नाही. ते आणखी वाकले. पट्टी हवेत फिरत होती. मग मी हात पुढे केला, आणि जिथे वर यायला हवं होतं तिथे माझा हात खाली गेला. जिना संपला असं वाटून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं झालं.

काकांनी वाकून टेबलाच्या कडेला बघितलं. दिवा डाव्या बाजूला होता. दुपारी फरशी पुसायला आलेल्या मावशींनी तो काढून, पुसून, पलीकडच्या खिळ्याला लावला होता.

"हात्तिच्या!" काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "आख्खी हयात गेली यात, आणि खड्डा खरवडत बसलो मी! बाईंना सांगू नकोस हं."

"नाही सांगत. पण खळगा तरी पडला कसा?"

"हवा अडकली असेल खाली. बसलं प्लास्टर. उद्या भरून टाकू."

दिवा त्यांनी उजवीकडे लावला. आता तो खळगा खळग्यासारखा दिसायला लागला, आणि मला त्याचा आकार दिसला. गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. आमच्या घरच्या गादीला टिंगीच्या बाजूला असाच खोलगट भाग पडलाय. मुलं ज्या गादीवर झोपतात तिला तो पडतोच.

काकाही बघत होते. हसू ओसरलं त्यांचं.

"पोर चढली होती का गं टेबलावर?"

"नाही, काका. खालीच होती. माझ्या नजरेसमोर."

"तू घमेलं धुवायला गेली होतीस."

गेले होते. नळ खोलीबाहेरच आहे. मी टिंगीचा फ्रॉक बघितला, पाठ बघितली, केस बघितले. ओलं प्लास्टर नखात जरी गेलं तरी दोन दिवस निघत नाही. तिच्या अंगावर पांढरा ठिपका नव्हता. ती जांभया देत माझ्या ओढणीचं टोक चघळत होती.

"ओल्या प्लास्टरने भाजतं मुलांना," काका हळू आवाजात म्हणाले. "जप हो."

३

घरी मी ह्यांना सांगितलं. हे जेवत होते.

"म्हणजे खड्डा पडला. बरं. मग?"

"टिंगीसारखा होता."

"ढगातपण टिंगी दिसते तुला. परवा बटाट्यात दिसली होती."

ते खोटं नव्हतं. एक बटाटा खरंच तिच्या नाकासारखा होता. पोर झाल्यापासून मला सगळीकडे काहीतरी दिसतं, हे मलाही ठाऊक होतं. बादलीत पाणी भरलेलं राहिलं तर मी रात्री उठून ओतून येते. खिडकीचे गज मी दर आठवड्याला हलवून बघते. तेव्हा हेही त्यातलंच असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि हात धुवायला उठताना गादीवर झोपलेल्या टिंगीच्या पाठीवर हात ठेवला. वर, खाली. ठीक होतं.

"घेतलं रीडिंग?" हे म्हणाले. काकांचा शब्द मीच त्यांना सांगितला होता.

४

खळगा भरला, घासला, आणि दुसरा ओत घातला. या खेपेला घमेलं धुवायला मी टिंगीला कडेवर घेऊन गेले. ती जागी असताना तिला कमरेला ओढणीने बांधून काम केलं. संध्याकाळी दिवा लावला, आधी तो कुठल्या बाजूला आहे ते दोघांनीही वाकून बघितलं, आणि तळ स्वच्छ होता. साय धरल्यासारखा एकसारखा.

"बघ," काका म्हणाले. "हवाच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पहिली पोचले. टिंगीला खाली बसवलं, हातात बिस्किट दिलं, आणि सवयीने दिवा लावला.

खळगा होता. जागा बदलली होती. पहिला मधोमध होता, हा काठाकडे सरकलेला, ज्या बाजूला टेबलाखाली स्पंज असतो त्या बाजूला. या वेळी पाऊलही दिसत होतं, आत वळलेलं.

माझ्या पिशवीत टिंगीचा जादा फ्रॉक असतो. तो मी काढला आणि खळग्यावर पसरला. का, ते मला सांगता येणार नाही. खांद्याला खांदा जुळला, पण फ्रॉकचा घेर वीतभर कमी पडला, खळगा मोठा होता. आपण मुलांना कपडे घेताना एक माप मोठं घेतो ना, पुढच्या वर्षीही यावं म्हणून. तसं.

मग मी फ्रॉक उचलला आणि हात ठेवला. प्लास्टर रात्रभर निवलेलं. सगळा तळ फरशीसारखा गार होता. खळगा कोमट होता.

मूल गादीतून उठून गेलं असेल तर आई आधी गादीला हात लावते. गार असेल तर केव्हाच गेलंय, शोधायला धावायचं. कोमट असेल तर आत्ताच उठलंय, इथेच कुठेतरी आहे. मला हे कोणी शिकवलं नाही, पण त्या क्षणी हात आपोआप तेच समजला. इथेच कुठेतरी आहे.

मी खाली बघितलं. टिंगी बिस्किट खात नव्हती. तिने कान टेबलाच्या पायाला लावला होता.

"काय करतेस गं?"

"गप," ती म्हणाली. बोट ओठावर. "जोजो कलतंय."

"कोण?"

झोपलेल्या कोणाला त्रास होऊ नये तशी ती तिथून रांगत बाहेर आली.

५

बाईंना सांगायलाच हवं होतं. तळात सारखा दोष येतोय हे लपवून चालणारं नव्हतं. त्या आल्या, त्यांनी बघितलं, पट्टीने खोली मोजली, आणि माझ्याकडे नाही तर टिंगीकडे बघून म्हणाल्या, "हिला आता इथे नको आणूस. ओरडत नाही मी. पण ही जागा मुलांची नाही."

"ती चढली नाही हो बाई."

"नसेल चढली. तरी नको."

मी मान हलवली. नोकरी राहिली एवढं खूप होतं. सासूबाईंना निरोप धाडला की नणंदेला उठबस करता येत असेल तर या.

त्या संध्याकाळी बाईंनी मला वर बोलावलं. मला वाटतं, बोलणं लागलं असेल मनाला म्हणून त्या समजूत घालत होत्या. टिंगी काकांजवळ खाली होती, ते तिला साच्याचा हत्ती दाखवत होते. घुमटाचं दार उघडं होतं. अजून उजेड होता, आभाळ निळंच होतं, आणि अर्ध्याहून बराच मोठा चंद्र त्यात कागद चिकटवल्यासारखा होता.

"काल यायला हवं होतंस," बाई म्हणाल्या. "काल डोंगरांवर ऊन पडलं होतं आणि तळ अंधारात होता. अंधारात अर्धी बांगडी लटकावी तसं दिसतं. आज ऊन तळावर उतरलंय. तुझं काम बघ, खरं कसं आहे ते."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग ते दिसलं. महिनाभर ज्याला हात लावला होता ते तिथे होतं. डोंगर, दोन भूशिरं, सपाट तळ. तळावर बारीक बारीक सुरकुत्या, चादर एका कोपऱ्यातून ओढावी तशा. फक्त उलटं होतं, डोंगर खाली आणि फट वर.

"दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं," बाई म्हणाल्या. "त्यामुळे ऊनही डावीकडून येतं. आपल्या दिव्याच्या उलट."

मी सुरकुत्या बघत होते. काठाजवळ एक सुरकुती नव्हती. लांबट, गोलसर काहीतरी वर आलेलं होतं. उजळ बाजू उजवीकडे.

"बाई, त्या भूशिराजवळ काय आहे?"

त्यांनी बघितलं. "कुठे? ती सुरकुती. नेहमीचीच आहे."

"वर आहे की खाली?"

"वर. उंचवटा."

"पण ऊन डावीकडून आहे ना?"

त्यांनी दुर्बिणीचं चाक थोडं फिरवलं, पुन्हा बघितलं, डोळा काढून चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. बाहेर टेकडीखाली कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची टूंटूं बराच वेळ ऐकू येत राहिली.

"डोळा फसतो," अखेर त्या म्हणाल्या. "दमलेला डोळा तर फारच. माझाही." आणि त्यांनी काचेवर टोपण बसवलं.

"उद्या बघू या?"

"उद्या ढग आहेत," त्या म्हणाल्या. आभाळात कुठे ढगाचा तुकडा नव्हता.

६

सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी टिंगीला उचललं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मला म्हणाल्या, "पोरगी किती वाळली गं! चंद्र खायला घालतेस की काय?"

"खाते हो. तुम्ही गेल्यापासून जरा किरकिर करते."

"करणारच. सिमेंटच्या धुळीत कोण पोरं झोपवतं? उद्यापासून माझ्याजवळ राहील. तू जा तुझं आभाळ लिंपायला."

माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. सकाळी टिंगी आजीच्या मांडीवर बसून टाटा करायची आणि मी मागे न बघता टेकडी चढायची. एकदाच अडचण आली. टिंगी दुपारी झोपेना. स्पंज पाहिजे, म्हणून हटून बसली. "तुकला, तुकला" करत रडायची. सासूबाईंनी फर्मान काढलं की तो आण बाई, नाहीतर मी परत जाते. मी टेबलाखालचा स्पंज नळाखाली धुतला, दोन दिवस उन्हात वाळवला, उलटासुलटा करून बघितला. स्पंजच होता. तो घरी आणून गादीखाली सारला. त्या दुपारपासून टिंगी शांत झोपायला लागली.

तिसरा ओत घातला. मी सकाळी लवकर गेले, दिवा कुठे आहे ते बघितलं, लावला. तळ सपाट होता. हात फिरवला, सगळीकडे सारखा गार. दुसऱ्या दिवशी तसाच. आठवडा गेला तरी तसाच.

बाईंनी तळावर हलक्या हाताने सुरकुत्या काढून घेतल्या, फोटोत होत्या तेवढ्याच. काकांनी डोंगरांवरचं प्लास्टिक काढलं. मग आम्ही तिघांनी मिळून दिवा लावला, आणि डोंगर उजेडात आणि तळ हळूहळू उजळत जाणारा, असा तो सगळा उपसागर बघत उभे राहिलो. सुंदर झाला होता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धूळ गेली म्हणाले.

"गेला ना तुझा खड्डा?" त्यांनी विचारलं.

"गेला, काका."

"कुठे गेला म्हणतो मी?" ते हसत म्हणाले, आणि बाईंकडे बघितलं. बाईंच्या तोंडून खचलेल्या भिंतीबद्दलचं ते वाक्य येईल अशी त्यांची अपेक्षा होती. बाई सुरकुत्यांवरची धूळ फुंकत होत्या. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

मी त्या दिवशी लवकर सुटले.

७

आमचं घर म्हणजे एक खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. दार एकच. सासूबाई त्या दारात, उंबऱ्यावर, लसूण सोलत बसल्या होत्या.

"झोपलीये," त्यांनी आधीच हात वर केला. "आत्ता कुठे डोळा लागलाय. हात लावायला जाऊ नकोस. तुझा तो हात लागला की उठते ती."

"नाही लावत. बघते फक्त."

मी त्यांच्या अंगावरून आत गेले. उतरतं ऊन खिडकीतून गादीवर आडवं पसरलं होतं. डोक्यावरून चादर घेऊन टिंगी झोपली होती. खांदा, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे, आत वळलेलं पाऊल, चादरीखाली सगळं उठून दिसत होतं. मी उभ्यानेच एवढं बघितलं आणि स्वयंपाकाच्या जागेत काम करायला गेले. मागे वळून बघावंसं वाटलं नाही, याचंच मला बरं वाटलं. सुधारतेय मी, असं मनात आलं.

चहा टाकला. दोरीवरचे कपडे काढून घड्या केल्या. टिंगीचे फ्रॉक आता आखूड व्हायला लागले होते, एक माप मोठे घ्यायला हवेत असा विचार केला. चहाचे दोन कप घेऊन उंबऱ्यावर गेले. सासूबाईंनी नणंदेच्या बाळाचं सगळं सांगितलं, कसं नाक आमच्या घरावर गेलंय आणि जावयाच्या घरच्यांना ते कसं पटत नाही.

"नाकात काय असतं हो एवढं?" मी म्हटलं.

"तुला काय कळणार? तुझ्या पोरीचं आमच्यावर गेलंय, म्हणून तू निर्धास्त."

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन. कप धुऊन ठेवले, हात पुसले, आणि मग मात्र राहवलं नाही. पाठीवर नुसता एकदा हात. ती उठली तर उठली, तसाही उजेड उतरला होता.

गादीपाशी वाकले. ऊन अजून होतं, अगदी आडवं, चादरीवरून सरपटत गेलेलं. खांद्याची उजवी कड उजळलेली होती. कमरेची उजवी कड, गुडघ्यांची उजवी कड. डावीकडे सावली. हात खाली जात होता तेव्हा माझं लक्ष खिडकीकडे गेलं.

आमच्या घराला खिडकी एकच आहे, आणि ती गादीच्या डावीकडे आहे.

हात खाली गेला. जिथे पाठ लागायला हवी होती तिथे लागली नाही, आणि तो आणखी खाली गेला. चादर त्याच्याबरोबर आत गेली. मनगटापर्यंत, मग त्याच्याही वर. गादी एवढी जाड नाही आमची. तळाशी कोमट होतं.

उंबऱ्यावर सासूबाई होत्या. त्या टिंगी झोपल्यापासून तिथून हलल्या नव्हत्या, लसणाच्या सालींचा ढीग त्यांच्या पायाशी तसाच होता. त्यांच्या अंगावरून कोणी गेलं असतं तर त्यांना कळलं असतं. हे सगळं मी नीट विचार करून ताडून पाहिलं. ओरडावं असं वाटलं नाही. हात काढला तर ऊब जाईल, एवढंच वाटत होतं.

म्हणून हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने, फार खालून, काहीतरी तळहाताला येऊन टेकलं आणि सुटलं. पुन्हा टेकलं. सुटलं. वर, खाली.

खिडकीतलं ऊन गादीवरून सरकून भिंतीवर गेलं. चादर एकसारखी दिसायला लागली, वर काय आणि खाली काय ते कळेनासं झालं.

"उठली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तिथेच आहे."